स्वच्छ एक्स-रे, कडक पोट आणि लहान आतड्यातले फुगे: आबांच्या आजारपणाची हकीकत

करवीरकाठ

नमस्कार मंडळी. गेले दोन आठवडे इकडं फिरकायला जमलं नाही. आबा दवाखान्यात होते, परवा घरी आणलं. जे झालं ते सविस्तर लिहितोय, कारण ज्या आजारानं आबा मरणाच्या दारात जाऊन आले त्याचं नावसुद्धा आमच्या घरात, भावकीत, गावात कुणी ऐकलं नव्हतं.

आबा एकाहत्तर वर्षांचे. माळकरी माणूस, वारी चुकवत नाहीत. गुऱ्हाळ सुरू होऊन आठवडा झाला होता. हल्ली काहिलीजवळ उभं राहणं त्यांना जमत नाही, पण गुळव्याच्या पाठीमागं खुर्ची टाकून बसतात. त्या शुक्रवारी संध्याकाळी बसल्याजागी बेंबीच्या डाव्या अंगाला कळ आली. घरी येऊन म्हणाले, "गॅस धरलाय, ओवा दे जरा." आईनं ओवा-मीठ दिलं, बेंबीवर हिंग लावला. रात्री जेवले नाहीत.

शनिवारी सकाळी जवळच्या डॉक्टरांकडं नेलं. त्यांनी आधी ईसीजी काढला. वयस्कर माणसाचं हार्टचं दुखणं पोटात जाणवू शकतं, म्हणून तो काढलाच पाहिजे, हे मला आता कळतंय. ईसीजी चांगला आला. पित्ताचं आणि दुखण्याचं इंजेक्शन देऊन घरी पाठवलं. दोन-तीन तास आबांना बरं वाटलं. त्या दोन-तीन तासांनी आमचा घात केला. आम्हाला वाटलं, उतरलं दुखणं.

शनिवारी रात्री थंडी वाजून ताप आला. हिरवी उलटी झाली. दुपारपासून वारा सरला नव्हता. आणि एक गोष्ट माझ्या बायकोनं बघितली, ती मी विसरणार नाही. आबा गुडघे पोटाशी घेऊन उताणे पडले होते आणि अंगावरची गोधडी पोटाला लागू नये म्हणून दोन्ही हातांनी ती वर उचलून धरली होती. ती मला म्हणाली, "अहो, हे गॅसचं न्हवं. गॅसवाला माणूस कूस बदलतो, पोट चोळतो. आबा हालतच न्हाईत." पहाटे चारला गाडी काढली आणि कोल्हापूर गाठलं.

दवाखान्यात उभ्यानं एक्स-रे काढला. त्यात काही नव्हतं. पोटात काही फुटलं की बाहेर आलेली हवा छातीच्या पडद्याखाली चंद्रकोरीसारखी दिसते, तशी ती दिसली नाही. रक्तात पांढऱ्या पेशी सतरा हजारांच्या वर. ड्युटीवरचे तरुण डॉक्टर म्हणाले, आतड्याला सूज असेल, सलाईन लावून बघूया. मी मनात सुटकेचा श्वास सोडला, खोटं कशाला सांगू.

सात वाजता मोठे सर्जन राउंडला आले. त्यांनी फाईल नंतर बघितली, आधी आबांच्या शेजारी स्टूल ओढून बसले. पोटाला हात न लावता म्हणाले, "आबा, जरा खोकून दाखवा." आबांनी खोकायला तोंड उघडलं आणि हात झटकन पोटावर गेला. खोकला अर्धाच आला. मग त्यांनी हात चोळून गरम केले, उजवीकडून सुरुवात करून हळूहळू डावीकडं आले. बेंबीच्या डाव्या बाजूला फळीसारखं पोट. ते उठले आणि म्हणाले, "एक्स-रे काय म्हणायचं ते म्हणू दे, पोट वेगळं सांगतंय. सीटी करू."

सीटी बघून रेडिओलॉजिस्टनी सर्जनना जे सांगितलं ते मी दारात उभं राहून ऐकलं: "हवा आहे सर, पण पडद्याखाली नाही, झालरीत आहे."

अकरा वाजता ऑपरेशनला घेतलं. लहान आतड्याच्या वरच्या भागाला, ज्याला जेजुनम म्हणतात, सहा फुगे आलेले. त्यातला लिंबाएवढा एक फुटून आजूबाजूच्या चरबीत पू झालेला. साधारण दीड फूट आतडं काढलं आणि दोन्ही टोकं जोडली. सर्जननी बाहेर येऊन स्टीलच्या ट्रेमध्ये तो तुकडा मला आणि भावाला दाखवला. मला वाटलं होतं काहीतरी काळंनिळं असेल. तर सरळ गुळगुळीत आतडं आणि एका कडेनं ओळीनं फुगे, पातळ, आरपार दिसतील इतके. एका फुग्यावर पिवळसर थर आणि मधोमध मोहरीएवढं भोक. एवढ्याशा भोकानं माणूस जातो.

नाव सांगितलं: जेजुनल डायव्हर्टिक्युलम. बहुतेकांना ते असलेलं जन्मभर कळतही नाही म्हणे. तुमच्यापैकी कुणाच्या घरी असं काही झालंय का? आणि इथं डॉक्टर मंडळी आहेत, त्यांनी जरा उलगडून सांगावं. दवाखान्यात मला अर्धंच कळलं.

---

रंकाळ्याची_सांज

वाचताना अंगावर काटा आला. गोधडी वर धरण्याचं वाचून तर डोळ्यांत पाणी आलं. वहिनींना माझा नमस्कार सांगा, त्यांनी बघितलं म्हणून वेळेत हालचाल झाली.

माझ्या आईचं वय सहासष्ट. गेलं वर्षभर जेवल्यावर पोट गच्च होतं, मध्येच कळ येते, बी-ट्वेल्व्ह कमी आहे म्हणून इंजेक्शनं चालू आहेत. आता हे वाचून झोप येणार नाही. अशा फुग्यांची आधी काही लक्षणं असतात का?

---

टाका_दोरा

करवीरकाठ, आबांना नमस्कार. मी सर्जन आहे, कोल्हापुरातच प्रॅक्टिस करतो. तुमचे पेशंट माझ्याकडं नव्हते, त्यामुळं जे लिहितोय ते आजाराबद्दल. पंचवीस वर्षांत जेजुनमचा फुटलेला डायव्हर्टिक्युलम मी हाताच्या बोटांवर मोजण्याइतके बघितलेत. अपेंडिक्स त्याच काळात शेकड्यांनी काढले. 'दुर्मिळ' म्हणजे किती, ते यावरून समजा.

हे फुगे येतात कसे, ते मी पेशंटला ट्रॅक्टरच्या टायरवरून सांगतो. टायरच्या कापडाला आतून चीर पडली की ट्यूब तिथून फुग्यागत बाहेर येते. आतड्याच्या भिंतीत तसंच होतं. आत मऊ अस्तर, त्याभोवती स्नायूचा थर. आतड्याला रक्त पुरवणाऱ्या नळ्या एका कडेनं येतात. त्या कडेला चरबीची चुणीदार झालर असते, तिला मेसेंटरी म्हणतात. या नळ्या स्नायूचा थर भेदून आत शिरतात, तिथं भिंत नाजूक राहते. वय वाढतं, आतड्याची हालचाल बेताल होते, आतला दाब वाढतो आणि अस्तर त्या नाजूक जागेतून बाहेर ढकललं जातं. फुग्याच्या भिंतीत स्नायू नसतो, म्हणून याला खोटा डायव्हर्टिक्युलम म्हणायचं. तुम्हाला ट्रेमध्ये फुगे एकाच कडेनं ओळीनं दिसले, त्याचं कारण हेच. ती झालरीची कडा.

आता तुमच्या रेडिओलॉजिस्टचं वाक्य पुन्हा वाचा. फुगा झालरीच्या पदरांमध्ये लपलेला असतो. तो फुटला की घाण आणि हवा आधी त्या चरबीतच अडकते. मोकळ्या पोटात हवा सुटतच नाही, मग एक्स-रेवर दिसणार कुठून? जठराचा अल्सर फुटला की पेशंट तळमळत येतो, वेळ-काळ सांगतो, पोट सगळीकडं लाकडागत. इथं तसं नाही. दुखणं एका जागी, सुरुवातीला सोसण्यासारखं, आणि म्हातारपणी शरीराची आरडाओरड करण्याची ताकदही कमी झालेली असते. डायबेटिस असेल, स्टेरॉइड चालू असतील तर आणखी कमी. गुडघ्यासाठी रोज वेदनाशामक गोळी घेणारेही यात आले.

इतिहास सांगायचा तर जर्मन शरीरशास्त्रज्ञ झ्योमरिंग यांनी १७९४ साली आणि लंडनचे सर्जन अ‍ॅस्टली कूपर यांनी १८०७ साली लहान आतड्याच्या या फुग्यांचं वर्णन केलं. दोनशे वर्षांहून जुनी ओळख, तरी आजही ऑपरेशन टेबलावर बघून सर्जन चकित होतो. शंभरात एखाद-दोन माणसांना हे फुगे असतात, बहुधा साठीच्या पुढं. वरच्या भागात जास्त आणि मोठे, खाली जाल तसे कमी आणि लहान. पण बहुसंख्यांना काहीही होत नाही, हे रंकाळ्याची_सांज यांनी आधी वाचावं आणि मग झोपावं.

ज्यांना होतं त्यांच्यात सूज आणि फुटणं हा एक प्रकार. दुसरा रक्तस्राव: शौचातून भसाभस रक्त जातं, वरून-खालून दुर्बीण घातली तरी जागा सापडत नाही, कारण जागा दोन्ही दुर्बिणींच्या टप्प्याबाहेर मधोमध असते. तिथं सीटी अँजिओग्राफी, म्हणजे रक्तवाहिन्या दाखवणारा सीटी, कामाला येते. तिसरा आतडं अडणं. पीळ पडतो, सूज चिकटून आतडं आवळलं जातं, क्वचित फुग्यात तयार झालेला खडा निसटून खाली अरुंद जागी अडकतो. असा खडा मी एकदाच काढलाय, पेशंटच्या नातेवाइकांना पित्ताशयातला वाटला होता.

आधीची लक्षणं असतात, पण ती शंभर आजारांत सापडतात. जेवणानंतर पोट गच्च, अधूनमधून कळ, कधी पातळ शौच. बी-ट्वेल्व्हचा संबंध मात्र खरा आहे. फुग्यात अन्न साचतं, तिथं जंतू वाढतात आणि ते बी-ट्वेल्व्ह स्वतःच खाऊन टाकतात. तरी बी-ट्वेल्व्ह कमी असण्याची आपल्याकडं इतर कारणंच जास्त. आईंना एकदा नीट तपासून घ्या. घाबरून नको, शांतपणे.

---

मंगळवारपेठी

डॉक्टर, एक प्रश्न आहे आणि मनापासून विचारतोय. असे धागे वाचून उद्या प्रत्येक पोटदुखीवाला सीटी मागायला लागेल. सीटीचे पैसे सगळ्यांना परवडत नाहीत, रेडिएशनही असतं. माझ्या मुलाला गेल्या वर्षी साधी पोटदुखी झाली तर चार तपासण्या करायला लावल्या, निघालं काय तर जंत. सामान्य माणसानं ओळखायचं कसं?

---

टाका_दोरा

प्रश्न योग्य आहे. प्रत्येक पोटदुखीला सीटी नको, आणि लहान मुलांना तर नकोच. तिथं आधी सोनोग्राफी.

करवीरकाठ यांच्या पत्नीनं जे बघितलं तेच बघायचं. मुरड्याचा पेशंट गडबडा लोळतो, उठतो, बसतो, पुन्हा लोळतो. पोटाच्या आतल्या अस्तराला सूज आली की माणूस दगडासारखा स्थिर पडतो, कारण हललं की दुखतं. गाडी खड्ड्यातून गेली की तोंड वाकडं होतं. मी तर पेशंटला विचारतोच, "येताना रस्त्याच्या खड्ड्यांत दुखलं का?" आपल्या रस्त्यांवर याचं उत्तर लगेच मिळतं. त्यासोबत ताप, हिरवी उलटी, वारा बंद, लघवी कमी, असं काही असलं आणि माणूस साठीच्या पुढचा असला तर सर्जनचा हात पोटाला लागलाच पाहिजे, त्याच दिवशी. मग सीटी करायचा की नाही ते तो ठरवील. वयस्कर माणसात मी सीटीसाठी फार थांबत नाही. चुकलं तर तपासणीचे पैसे जातात, उशीर झाला तर माणूस जातो.

एक समज दूर करतो. दवाखान्यात दुखण्याचं इंजेक्शन दिल्यानं निदान झाकलं जातं, असं पूर्वी आम्हालाही शिकवायचे. आता तसं मानत नाहीत. दुखणं थोडं उतरलं की पेशंट पोट सैल सोडतो आणि उलट नीट तपासता येतं. आबांच्या बाबतीत घोळ इंजेक्शननं झाला नाही. इंजेक्शन दिल्यावर चार-सहा तासांनी पोट पुन्हा बघितलं गेलं नाही, तिथं झाला. आम्हा डॉक्टरांनी पेशंटला घरी पाठवताना 'संध्याकाळी परत दाखवा' हे तोंडानं सांगितलं पाहिजे, चिठ्ठीवर लिहून दिलं पाहिजे. हे मी माझ्याच व्यवसायातल्या मंडळींना उद्देशून लिहितोय.

---

गारगोटीचा_मास्तर

आमच्या घरातली हकीकत याच आतड्याची, पण मुलाची आहे. तेव्हा तो सात वर्षांचा. एके दिवशी शाळेतून आला आणि संडासातून हाक मारली, "पप्पा, लाल झालंय." मी बघितलं तर विटेच्या रंगाचं, चिकट, भरपूर. आणि पोरगं म्हणतंय दुखत काहीच नाही! दुखत नाही म्हणून आम्ही बीट खाल्लं असेल म्हणालो. दुसऱ्या दिवशी पुन्हा. ओठ पांढरे पडले, जिना चढताना धाप लागली. हिमोग्लोबिन ६.८. त्या रात्री कोल्हापुरात दोन बाटल्या रक्त चढवलं.

मुलांच्या डॉक्टरांनी बघताक्षणी मेकेल म्हणून शंका घेतली. एका खास स्कॅनसाठी पुण्याला जावं लागलं, त्यात बेंबीच्या खाली उजव्या बाजूला एक ठिपका चमकला. दुर्बिणीतून ऑपरेशन झालं, चौथ्या दिवशी घरी. आज पोरगं तालमीत जातंय, जोर मारतंय. आबांच्या आजारात आणि याच्यात फरक काय, हे मला कधी कुणी नीट सांगितलं नाही. डॉक्टरांनी सांगितलं तर बरं होईल.

---

टाका_दोरा

मास्तर, नावं सारखी, घराणी वेगळी. आबांचे फुगे उतारवयात आलेले. तुमच्या मुलाचा जन्मापासूनचा.

आईच्या पोटात बाळाच्या आतड्याला बेंबीतून जाणारी एक नळी असते. गर्भाच्या पाचव्या ते आठव्या आठवड्यात ती मिटून नाहीशी व्हायला हवी. काहींत तिचं आतड्याकडचं बूड तसंच राहतं, तोच मेकेलचा डायव्हर्टिक्युलम. जर्मन शरीरशास्त्रज्ञ योहान मेकेल यांनी १८०९ साली त्याचं हे मूळ समजावून सांगितलं. याच्या भिंतीत आतड्याचे सगळे थर असतात, म्हणून हा खरा डायव्हर्टिक्युलम. आणि तो झालरीच्या विरुद्ध कडेला असतो. आम्हाला कॉलेजात दोनाचा पाढा पाठ करायला लावायचे: दोन टक्के लोकांत, लहान आतड्याच्या शेवटापासून दोन फुटांवर, दोन इंच लांब. पाढा ढोबळ आहे, पण रात्री तीन वाजता ऑपरेशन करताना आठवतो.

यात काही वेळा जठराचं अस्तर चुकून वाढलेलं असतं. ते अ‍ॅसिड सोडतं, शेजारच्या आतड्याला अल्सर होतो आणि रक्त जातं. म्हणूनच दुखल्याशिवाय रक्त. तुमच्या मुलाला शिरेतून टेक्नेशियम नावाचं किरणोत्सर्गी द्रव्य दिलं असेल. जठराचं अस्तर ते ओढून घेतं, आणि तो चमकलेला ठिपका म्हणजे पोटात भलत्याच जागी असलेलं जठर. मोठ्या माणसांत मेकेल रक्तापेक्षा आतडं अडवून किंवा सुजून त्रास देतो. सुजला तर हुबेहूब अपेंडिक्स. अपेंडिक्स म्हणून पोट उघडलं आणि अपेंडिक्स चांगलं निघालं, तर आम्ही तसंच बंद करत नाही. आतडं हातात धरून शेवटचे दोन-तीन फूट मागं चाचपत जातो. तिथं तो कधी कधी बसलेला असतो.

मुलांना दुखत नसताना शौचातून रक्त गेलं तर बीट, कलिंगड, काही मानू नका. त्याच दिवशी दाखवा.

---

रात्रपाळी

मी स्टाफ नर्स आहे, कॅज्युअल्टीत दहा वर्षं. डॉक्टर लिहितायत ते बरोबरच आहे, पण पेशंट दारात येण्याआधी घरी जे होतं ते आम्हाला दिसतं, म्हणून लिहिते.

पोट गच्च आहे, साफ होत नाही म्हणून एरंडेल पाजून आणतात. कुणी एनिमा देतं. आतडं फुटलेलं किंवा अडलेलं असताना हे करणं म्हणजे जिवाशी खेळ आहे. कृपा करून करू नका. शेकसुद्धा नको. एक मावशी पोटावर गरम पाण्याच्या पिशवीचा चट्टा घेऊन आल्या होत्या, आतून अपेंडिक्स फुटलेलं.

दवाखान्यात यायला निघालात की तोंडानं काही देऊ नका, चहासुद्धा. "उपाशी कसं न्यायचं" म्हणून वाटेत चहा-बिस्कीट देतात आणि मग भुलीच्या डॉक्टरांपुढं प्रश्न उभा राहतो. चालू गोळ्यांची पाकिटं पिशवीत टाकून आणा, 'पांढरी लहान गोळी' सांगून कळत नाही. रक्त पातळ करायची गोळी असेल तर ते सगळ्यात आधी सांगा. शेवटची लघवी कधी झाली, वारा कधी सरला, उलटी कुठल्या रंगाची, हे ज्याने बघितलंय त्या माणसाला सोबत आणा. बहुतेक वेळा ती सून किंवा लेक असते आणि तिलाच घरी ठेवून येतात. मग कारभारी मंडळी सांगतात, "काय न्हाई, जेवलं न्हाई रात्री एवढंच."

एक्स-रेबद्दलही सांगते. पेशंटला आडवं आणलं आणि लगेच उभं करून फोटो काढला तर हवा वर सरकायला वेळच मिळत नाही. आम्ही जमेल तर दहा मिनिटं टेकून बसवतो. उभं राहता येत नसेल तर डाव्या कुशीवर झोपवून काढतात. तरीही करवीरकाठ यांच्या आबांसारखी केस सुटतेच, डॉक्टरांनी कारण सांगितलंय.

---

करवीरकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार. रात्रपाळी ताई, तुमचं शेवटचं वाचून मी बायकोला दाखवलं. आम्ही तिला त्या पहाटे घरीच ठेवून निघालो होतो. ती चप्पल घालून गाडीत बसली म्हणून आली. दवाखान्यात वारा दुपारपासून बंद आहे हे तिनंच सांगितलं, मला माहीत नव्हतं.

बी-ट्वेल्व्हचं डॉक्टरांनी काढलं, ते आमच्याकडंही निघालं. आबांना दोन वर्षांपासून पायाला मुंग्या, अशक्तपणा, रक्त कमी. तपासलं तेव्हा बी-ट्वेल्व्ह फारच कमी. प्रत्येकानं एकच कारण सांगितलं: माळ. मटण-अंडं खात नाहीत, मग कमी होणारच. भावकीतल्या दोघांनी तर आबांना माळ काढायला सांगितली होती. आबा गप्प ऐकून घ्यायचे आणि इंजेक्शन घ्यायचे. ऑपरेशननंतर तिसऱ्या दिवशी सर्जननी विचारलं, "आबा, बी-ट्वेल्व्ह कमी होतं का हो कधी?" आणि मग हे फुगे-जंतूंचं सांगितलं. ते म्हणाले, जेवण हे एक कारण असेलच, पण सगळा दोष माळेचा नसावा. आबांनी खाटेवर पडल्या पडल्या गळ्यातली माळ चाचपली. बोलले काही नाहीत. माझा गळा दाटून आला.

तपासणीला पाठवलेल्या तुकड्याचा रिपोर्ट आलाय. कॅन्सर नाही. फुग्याच्या भिंतीत स्नायूचा थर नाही, फुटलेल्या जागी सूज आणि पू, बस्स. आणखी खाली दोन बारके फुगे दिसले होते, ते मुद्दाम ठेवलेत. सर्जन म्हणाले, सगळं कापत बसलो तर पचवायला आतडं उरणार नाही, जेवढं बिघडलं तेवढंच काढायचं.

खर्चाचं दोघांनी व्यनितून (खासगी निरोपातून) विचारलं. प्रत्येकाचा आकडा वेगळा असतो, म्हणून तो लिहीत नाही. पण दाखल करतानाच रेशन कार्ड आणि आधार घेऊन आरोग्यमित्राला भेटा आणि महात्मा फुले योजनेत बसतंय का विचारा. आम्ही घाईत दोन दिवसांनी विचारलं, धावपळ वाढली.

जेवणाचं: पाच दिवस तोंडानं काही नव्हतं, मग पाणी, तांदळाची पेज, मऊ भात, ताक. आजपासून भाकरीचा पापुद्रा आमटीत कुस्करून. आबांचं पहिलं वाक्य होतं, "गुऱ्हाळात आदण कितवं चाललंय?"

---

सांगली_नाका

आबांना लवकर बरं वाटो. एक विचारतो, जे दोन फुगे शिल्लक आहेत त्यांना पुन्हा काही झालं तर? आणि असे फुगे सुजले की दर वेळी कापावंच लागतं का?

---

टाका_दोरा

दर वेळी नाही. नुसती सूज असेल, फुटून घाण पसरली नसेल, पेशंट स्थिर असेल तर दवाखान्यात ठेवून, पोट उपाशी ठेवून, शिरेतून अँटिबायोटिक देऊन भागतं. पू एका जागी साचला असेल तर काही वेळा सीटीत बघून सुई-नळीनं काढता येतो. पण अशा पेशंटचं पोट दिवसातून तीन-चारदा हातानं बघावं लागतं. बिघडतंय असं वाटलं की ऑपरेशन.

शिल्लक फुग्यांना उद्या काही होईलच असं नाही, शक्यता कमीच. तरी डिस्चार्ज कार्ड आणि ऑपरेशनची नोंद जपा. पुढं कधी आबांचं पोट दुखलं आणि समोर नवीन डॉक्टर असला, तर तो कागद पहिल्या मिनिटाला त्याच्या हातात द्या. आणि बी-ट्वेल्व्ह मोजत राहा.

---

करवीरकाठ

दोन प्रती काढल्या. एक गाडीत ठेवली. दुसरी आबांनी प्लॅस्टिकमध्ये घालून घेतली आणि वारीच्या पिशवीत, हरिपाठाच्या पुस्तकाखाली ठेवली.

---

रंकाळ्याची_सांज

दहा दिवसांनी लिहितेय. आईला सर्जनना दाखवलं. त्यांनी आधी पोट तपासलं, बराच वेळ बोलले तिच्याशी. जेवल्यावर कळ कुठं येते विचारल्यावर आईनं उजव्या बरगडीखाली बोट ठेवलं. मी वर्षभर तिच्यासोबत राहते, मी कधी 'कुठं' असं विचारलंच नव्हतं. सोनोग्राफीत पित्ताशयात खडे निघाले, सीटीची गरजच पडली नाही. बी-ट्वेल्व्हचं वेगळं बघणार आहेत. येत्या मंगळवारी दुर्बिणीतून ऑपरेशन ठरलंय.

म्हणजे फुगे वगैरे काही नव्हतं. पण हा धागा वाचला नसता तर आम्ही अजून ओवा-जिऱ्यावरच असतो. मला थोडी भीती वाटतेय, बाबा नाहीत आणि भाऊ बंगळुरूला.

---

करवीरकाठ

ताई, काळजी करू नका. मंगळवारी आबांना टाके दाखवायला शाहूपुरीत आणायचंच आहे, आम्ही सकाळी नऊपासून कोल्हापुरातच असू. दवाखाना कुठला ते व्यनित कळवा. बायको म्हणतेय, तुमचा डबा ती आणेल, आणि आईंना पेज चालायला लागली की तीही.